शेडकार्डावरचा लाल आणि गल्लीतली भिंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या घर-सजावटीच्या पानावर एक सल्ला वाचला. जुन्या अरुंद घरांना दर्शनी बाजूने ठळक लाल रंग द्यावा, म्हणजे घर उठून दिसतं; पांढऱ्या रंगाने घर दवाखान्यासारखं वाटतं, असा. आमच्या पुतण्याने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं आहे. पावसाच्या आत घराला रंग द्यायचा आहे, आणि घरात लाल की पांढरा यावरून दोन तट पडले आहेत. मी पांढऱ्याच्या बाजूची. का, ते सविस्तर लिहिते. कारण ते कात्रण आमच्यासारख्या बऱ्याच घरांत पोचलं असणार.

माझं वय ६३. लग्न होऊन या घरात आले त्याला ४० वर्षं झाली. घर शुक्रवार पेठेत, गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडे उतरताना ज्या बारक्या गल्ल्या फुटतात त्यातल्या एकीत. खाली दगड, वर चुन्यात बांधलेल्या विटा, माथ्यावर मंगलोरी कौलं, तोंड पश्चिमेला. कोल्हापुरातल्या मोठ्या वास्तूंना हा प्रश्नच नाही. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडाही काळ्या दगडाचा, त्यांना कोण रंग देणार? रंगाची काळजी आम्हा गिलाव्याच्या घरांना.

लाल रंग मला आवडतो, हे आधीच सांगते. २०१८ च्या दिवाळीत थोरल्याचं लग्न ठरलं होतं, तेव्हा दर्शनी भिंतीला लाल लावायचा हट्ट माझाच होता. शेडकार्डावर बोटाच्या पेराएवढी चौकट, पिकल्या मिरचीसारखी. आमच्या पेंटरमामांनी कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाले, "वैनी, ह्यो लाल हाय, तांबडा न्हवं." मला वाटलं, शब्दांचा घोळ घालतात. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायला मला दोन उन्हाळे लागले.

तांबडा म्हणजे गेरू. गेरूचा रंग लोखंडाच्या गंजाचा. पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावरचा जांभा दगड ज्याने तांबडा दिसतो, तेच हे द्रव्य. जे आधीच गंजून बसलंय त्याचं ऊन आणखी काय करणार? म्हणून कट्ट्याचा गेरू वर्षानुवर्षं तसाच राहतो. झिजतो, पण फिका पडत नाही. कार्डावरचा झगझगीत लाल बहुतेक वेळा वेगळ्या रंगद्रव्यांतून येतो आणि त्यातली पुष्कळशी उन्हाने हळूहळू मोडतात. आमची भिंत २०२० च्या मे महिन्यापर्यंत वळचणीखाली मिरचीसारखी आणि मधोमध विटलेल्या साडीसारखी गुलाबी झाली. मधे एकदा उरलेल्या डब्यातून ठिगळ मारून पाहिलं. ते इतकं उठून दिसायला लागलं, की येणारा-जाणारा विचारायचा, इथे काय झालं होतं.

आणि खर्च. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, खालचं झाकतं ते तेच. झगझगीत लाल ज्या बेसमधून, म्हणजे रंगद्रव्य मिसळायच्या मूळ डब्यातून, बनवतात त्यात ते फार थोडं असतं, नाहीतर लालाचा गुलाबी होईल. त्यामुळे लाल रंग पातळ नसला तरी आरपार दिसतो. पहिल्या हाताला खालचा जुना पिवळा दिसत होता, दुसऱ्या हाताला ब्रशचे पट्टे दिसत होते, चौथ्या हाताला भिंत झाकली. आधी करड्या रंगाचा एक हात मारून घेतला असता तर कमी हातांत भागलं असतं, हे पेंटरमामांनी सुचवलंही होतं. पण दुकानात मात्र दोन हातांचा हिशोब सांगितला होता. दोन डब्यांच्या जागी चार आले.

हे सगळं पैशाचं झालं. मला जे खरं लागलं ते वेगळंच. आमची गल्ली आठ फुटांची. समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या भिंतीच्या बरोबर समोर, आणि चार वाजल्यापासून ऊन आमच्या भिंतीवर. चैत्रातल्या हळदीकुंकवाला काकू आल्या, डाळ-कैरी खाल्ली, आणि उठताना हळूच म्हणाल्या, "अगं, तुझ्या घराला नावं ठेवत नाही, पण माझं दूध गुलाबी दिसतंय." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले. पातेल्यातलं दूध खरंच गुलाबी. ताटात निवडायला घेतलेला तांदूळ गुलाबी, त्यातला तांबूस खडा दिसेना. पाच महिने त्या माऊलीने सकाळीच तांदूळ निवडून ठेवले होते, आणि एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. भिंत माझी, पण तिच्यावरून परतणारा उजेड त्यांच्या घरात जात होता. इतकी वर्षं आमच्या फिक्या भिंतीने त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लावल्यासारखं केलं होतं, आणि तो दिवा मी विझवला होता. आपल्या पानावरच्या फोटोत लाल घरासमोर मोकळं अंगण होतं, समोर कुणाची खिडकी नव्हती.

माडीवरची खोली तर एप्रिलपासून सोसवेना. गडद लाल भिंत निम्म्याहून जास्त ऊन पिते. स्वच्छ पांढरी भिंत त्यातलं बरंचसं परत फेकते. रात्री नऊ वाजता मी आतून भिंतीला हात लावून पाहत असे, तव्यावरून नुकतीच भाकरी उतरवल्यासारखी ऊब असायची.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना पुराची धोका पातळी; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात खिडकीच्या तळाला पाणी लागलं आणि सहा दिवस राहिलं. परत आलो तेव्हा गाळ तर होताच, पण दर्शनी भिंतीवर नारळाएवढे फुगे आले होते. मी एकावर अंगठा दाबला, तर रंगाचा पापुद्रा फाटून आतलं गढूळ पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. हा रंग म्हणजे प्लास्टिकसारखी कातडी असते. दगड-विटांत मुरलेलं पाणी बाहेर यायला बघतं आणि कातडीमागे अडकतं. पुढे दिवाळीपर्यंत फुटलेल्या जागांतून खार फुलत राहिला. लालावर तो पांढरा खार भस्मासारखा दिसे. ब्रशने झाडावा, चार दिवसांनी पुन्हा हजर.

मागच्या पडवीची भिंत मात्र आत्याबाईंच्या काळापासून दर दिवाळीला चुनाच लावलेली. तिच्यावरही तेवढंच पाणी, तेवढेच दिवस. पाइप मारून गाळ धुतला, आणि दसऱ्यापर्यंत ती कोरडी ठणठणीत. चुन्याला बारीक छिद्रं असतात, भिंत श्वास घेते. एकाच घरातल्या दोन भिंती, तेच पाणी; याहून मोठा पुरावा मला नको होता. दुकानदाराने सात वर्षांची हमी दिली होती ती घेऊन आमचे हे गेले, तर त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं निघालं की ओल आणि पूर धरलेला नाही. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं, आणि उरलासुरला लाल त्याने उतरवला.

२०२२ मध्ये आम्ही पूर्ण भिंत खरवडली. प्लास्टिकच्या रंगावर चुना धरत नाही, म्हणून पापुद्रा न् पापुद्रा काढावा लागला. मग कळीचा चुना पिंपात भिजवला. पाणी ओतताच तो उकळायला लागतो, पोरंबाळं लांब ठेवावी लागतात, डोळ्यांना जपावं लागतं. चार दिवस मुरू दिला, फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचं पाणी, मूठभर मीठ आणि थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती, घातली. पिवडी घातली की पांढऱ्याचा कोरडेपणा जातो, दुधावरच्या सायीचा रंग येतो. नीळ घातली तर निळसर, टणक पांढरा. आमच्या घरात मला तो नको होता. भिंत आधी ओली करून पातळ तीन हात मारले. लावताना तो ताकाच्या पाण्यासारखा दिसतो, भिंतीवर काहीच चढलं नाही असं वाटतं. सूनबाई त्या रात्री म्हणाली, "आई, पैसे पाण्यात गेले." सकाळी दार उघडलं तर भिंत उजळून निघाली होती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. वाळताना तो भिंतीला नवा दगड देतो. खाली तीन फूट गेरूचा पट्टा ओढला, कारण पावसात मातीचे शिंतोडे तेवढेच उडतात. लाल माझ्या घरात आहे तो असा, जिथे त्याचं काम आहे तिथे.

चुन्याचं सगळंच गोड नाही. अंग घासलं की कपड्याला लागतो, श्रावणापर्यंत पावसाकडच्या कोपऱ्यात काळं शेवाळ धरतो, आणि दोन दिवाळ्यांच्या आत पुन्हा हात मारावा लागतो. राजारामपुरी किंवा नागाळा पार्कातल्या वरच्या अंगाच्या सिमेंटच्या घरांना चांगला ॲक्रिलिक रंग खुशाल लावावा. त्यांची भिंत वेगळी, पाण्याचा धाकही वेगळा.

एक गोष्ट मात्र त्या पानावर यायलाच हवी होती. जुना लाल, पिवळा, नारिंगी तेली रंग घासून काढा, असं त्यात एका ओळीत उरकलं आहे. या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा आपल्या दार-खिडक्यांवरचा रंग कसला आहे, सांगता येत नाही. तो सुका घासला की धूळ घरभर होते, आणि रांगतं पोर तीच बोटं तोंडात घालतं. आमच्या चौकटी घासताना पॉलिश पेपर पाण्यात बुडवून वापरला, खाली जुनं पोतं अंथरलं, आणि नातवाला दोन दिवस त्याच्या आजोळी पाठवलं. कृपा करून एवढं तरी पुढच्या रविवारी छापा.

पुतण्याशी भांडायचं नाही असं मी ठरवलं. त्याच्या हौसेने अर्धा लिटर लाल आणला, आणि दर्शनी भिंतीवर दोन-दोन फुटांचे दोन चौकोन रंगवले आहेत, एक त्याचा, एक माझा. कार्डावरून ठरवायचं नाही, भिंतीवरून ठरवायचं, एवढं त्याने मान्य केलं. रोज पाच वाजता तो समोर काकूंच्या ओट्याशी जाऊन उभा राहतो. परवा काकूंनी त्याच्या हातात दुधाचं पातेलं दिलं, आणि तो बराच वेळ त्यात बघत होता. पेंटरमामांची परांची सोमवारी चढेल. गेरू मी कालच भिजत घातला आहे.

आपली नम्र वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर