कमी दराचे कौतुक पुरे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्यातल्या रस्त्याचे काम अंदाजपत्रकापेक्षा 27 टक्के कमी दराने गेल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. 'शासनाची बचत' या शब्दांवर तर हसूच आले. अंदाजपत्रकात ठेकेदाराचा नफा धरतात दहा टक्के. तो सगळा सोडला तरी उरलेले सतरा टक्के कुठून येणार? डांबरातून, खडीतून, दबाईतून. नाहीतर मागाहून 'जादा बाबी' मंजूर होतील आणि तुमची बचत गुपचूप परत जाईल. त्याची बातमी मात्र येत नाही.

खरी गंमत दराच्या आधी असते. मी लहान ठेकेदार. मागे आमच्याच भागातल्या एका रस्त्याची निविदा भरायची होती. बयाणा, डिजिटल सही, मशिनरीचे कागद, सगळे तयार. अडले कुठे, तर जागा पाहणीच्या दाखल्यावर! ज्या रस्त्याने मी शाळेत गेलो, तो मी पाहिला आहे हे साहेबांनी लिहून द्यायचे. साहेब कधी मीटिंगला, कधी साइटवर, कधी जिल्ह्याला. शिपाई तेवढा न चुकता भेटायचा. शेवटी तोच म्हणाला, "भाऊ, कशाला हेलपाटे घालताय? काम ठरलंय ते." मुदत संपली त्याच संध्याकाळी साहेब खुर्चीत हजर, चहासुद्धा विचारला. पहिल्या लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत, तिघे पात्र ठरले. एक काम घेणारा, दोघे त्याला सोबतीला. ते काम 'बिलो' नाही, 'अबोव्ह' गेले, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा जादा दराने. तेव्हा आपल्याकडे बातमी नव्हती.

नुसता कमी दर बघून भागत नाही, हे केंद्राच्या अर्थ खात्यालाही ऑक्टोबर 2021 मध्ये पटले. काही कामांत ठेकेदार निवडताना गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा त्यांनी दिली. आमच्याकडे ते गुण कोण देणार, याची कल्पना आहेच. तेच साहेब! तेव्हा आपल्या वार्ताहरांनी निविदा उघडल्यावर दर छापण्यापेक्षा ती निघते तेव्हा अटी वाचाव्यात. कोणाच्या मापाने शिवल्यात ते लगेच कळते.

जाता जाता आणखी एक. निविदा सूचना आपण इतक्या बारीक टाइपात छापता की भिंग घेऊन बसावे लागते. जाहिरातीचे पैसे शासन देते, मान्य. पण परवाच्या सूचनेत कामाची रक्कमच वाचता येईना.

आपला,
एक नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये. दोन वर्षांची बिले अडकली आहेत.)