हेल्मेट मात्र नवं घे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल तुझी सायकल गॅलरीतून खाली काढली. चेन गंजलीय, आणि हँडलच्या टेपमध्ये अजून अंजनेरीच्या उतारावरची बारीक खडी रुतलेली. नखाने एकेक खडा काढत बसलो. आई म्हणाली, "आता कोण चालवणार ती?" मी काही बोललो नाही.

परवा तू विचारलंस, "चोविसाव्या वर्षी कोणी सुरुवात करतं का, बाबा?" फोनवर मला कधी वेळेवर सुचत नाही, म्हणून हे पत्र.

नेदरलँड्सची ॲनेमिक व्हान व्ल्यूटेन. फुटबॉल खेळताना गुडघा दुखावला म्हणून सायकलकडे वळली. व्यावसायिक संघात आली तेव्हा पंचविशी गाठली होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सगळ्यांच्या पुढे असताना शेवटच्या उतारावर पडली. मणक्याला तीन ठिकाणी फ्रॅक्चर, डोक्याला मार. पुढच्याच वर्षी टाइम ट्रायलची, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीची, विश्वविजेती!

टोकियोची गंमत तर ऐक. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावू देत नाहीत. कसाऱ्याच्या घाटात आपली रेंज जाते ना, तसं, पुढे काय चाललंय ते कळत नाही. हिने दोन्ही हात उंचावून रेषा ओलांडली आणि मग समजलं की ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचलीय. गणितात पीएचडी केलेली बाई! मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तीनच दिवसांनी ॲनेमिकने टाइम ट्रायलचं सुवर्ण घेतलं. २०२२ मध्ये इटली, फ्रान्स, स्पेन तिन्हीकडच्या मोठ्या शर्यती, वर कोपर मोडलेलं असताना जागतिक विजेतेपद, वय ३९. २०२३ मध्ये थांबली, स्वतः ठरवून.

तुला मात्र थांबवलं मी. तू कॉलरबोन मोडून पडली होतीस आणि मी पलंगाशी उभा राहून म्हणालो, "झालं समाधान?" आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे सायकलवर अख्खी अमेरिका पार करायची शर्यत, गाजवली, तेव्हा पेपर तुझ्यापुढे नाचवणारा मीच. दुसऱ्याच्या घरची सायकल कौतुकाची वाटते. त्या दिवशी तसं बोलायला नको होतं, बाळा.

चेन आणि ब्रेकचे रबर बदलायला टाकलेत, शनिवारी मिळेल. येताना हेल्मेट मात्र नवं घेऊन ये. जुन्याला मागून तडा गेलाय, तो मी आईला दाखवलेला नाही.

तुझा,
बाबा