घरी शिकणाऱ्या मुलांना आखाड्यात पाठवा

संपादक महोदय,
माझा नातू शाळेत न जाता घरीच शिकतो. घरी सगळं त्याच्या कलाने चालतं, म्हणून गणित अडलं की वही मिटायची. आता तो आखाड्यात मल्लखांब शिकतो; तिथे तसं चालत नाही. खांबाला एरंडेल लावलेलं, हात सुटला की खाली. उस्ताद फक्त ‘पुन्हा’ म्हणतात. आता अडलेलं उदाहरण तो दुसऱ्या दिवशी आपणहून उघडतो.

परीक्षेतही ‘पुन्हा’ असतं: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाच्या दहावीला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, हेही पालकांनी मुलांना आधीच सांगावं. अडलेल्या उदाहरणाचं उत्तर तर मुळीच पुरवू नये!

बडोदे हे व्यायामगुरू जुम्मादादांच्या आखाड्याचं शहर. इथल्या व्यायामशाळांनी अशा मुलांसाठी दुपारचा एक वर्ग सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, दांडिया बाजार, बडोदे