रविवारच्या डब्याबद्दल, मेसवाल्या काकूंना

तीर्थस्वरूप काकू, सा. न.

मागच्या आठवड्यात थकलेले पैसे दिले, तेव्हा तुम्ही नोटा मोजून घेतल्या, वहीत ‘जमा’ लिहिलंत आणि ‘ताक घे’ म्हणालात. ‘राहू दे रे’ म्हणाला असतात तर मी ओशाळलो असतो. आभार मानायला गेलं की तुम्ही पोळ्यांकडे वळता, म्हणून हे असं जाहीर लिहितोय.

मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला, शिष्यवृत्ती वर्ष संपताना, तीही आली तर. मधल्या काळात घरच्या कांद्याला भाव मिळेल या आशेवर पोट. पुण्यात शिकणारी आमच्या कर्जत-जामखेडकडची कितीतरी पोरं म्हणूनच एकवेळची मेस लावतात, नाहीतर एका डब्यात दोघं जेवतात. यावर आमच्या कँपसच्या मेसने काय शोधून काढलं? पाटी: ‘एका ताटात दोघांनी जेवू नये.’ तिच्याखाली थकबाकीवाल्यांची यादी, नाव आणि विभागासकट. मदत हवी? अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला जोडा, मग वेगळ्या रंगाचं कूपन मिळेल. ते हातात धरून रांगेत उभं राहिलं की पुढच्या-मागच्या सगळ्यांना कळायचं. मी चहा-बिस्किटावर भागवायला लागलो.

तुमच्याकडे सगळ्यांचं मेस-कार्ड एकसारखंच. पण खरं सांगायचंय ते रविवारचं. दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, हा बहुतेक मेसचा नियम. खिशात पैसे असले तर ती संध्याकाळ मजेची असते. तुम्ही पहिल्याच रविवारी निघताना डबा पुढे केलात. ‘उरलंय, टाकून देऊ का?’ खोलीवर येऊन उघडला तर झाकणाला आतून वाफेचे थेंब, दोन ज्वारीच्या भाकरी, कोपऱ्यात ठेचा. फीस्टला पुऱ्या होत्या काकू! भाकरी उरेल कुठून? त्यानंतर दर रविवारी काही ना काही ‘उरत’ गेलं, आणि मीही दर वेळी ‘टाकू नका, द्या’ म्हणत गेलो.

रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकल्यामुळे 22 सप्टेंबरला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीच्या भाषणात, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट दरवर्षी ऐकली. बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही मोडलं. टाळ्या वाजवायचो आणि विसरायचो. आधीच्या पिढीतली गरीब पोरं वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवत; कुठल्या घरी आपुलकीने वाढतात आणि कुठे नुसतं वाढतात, हे त्यांना पहिल्या घासाला कळत असणार. साहेबलोकांना मात्र वाटतं, पैसे खात्यात टाकले की झालं. 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा पोरं विरोधात पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. खात्यात आलेला पैसा आधी घरच्या नडीला जातो, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

असो. एक काम आहे. गावाकडची दोन पोरं यंदा फर्स्ट इयरला आलीत, त्यांना रविवारी घेऊन येतो. दोघं मिळून एकच कार्ड काढायचं म्हणतायत. त्यांच्या दुसऱ्या कार्डाचे पैसे माझ्या नावावर लिहा आणि त्यांना काही सांगू नका.

आपला,
रविवारच्या डब्यावाला