गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुढचं कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.

आपल्या खान्देशात कबड्डी-कुस्ती खेळणारी पोरं गावोगावी आहेत, आणि पकड करताना पाय पिरगळून गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारं लिगामेंट (एसीएल) तुटलं की घरचे कसंबसं पैसे जमवून ऑपरेशन करतात, पण फिजिओथेरपी मात्र टाके काढले की बंद. अहो खरं काम तर तिथून सुरू होतं! बसवलेला नवा लिगामेंट पहिले काही महिने कच्चाच असतो, दुखणं थांबलं म्हणून तो पक्का झाला असं नसतं.

घरोघरी एक गोष्ट बघतो, आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून पोरगं झोपतं, त्याने पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, एवढं तरी कोणी समजावून सांगायला पाहिजे ना. मांडीचा स्नायू तर बघता बघता वाळतो.

2016 साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की 9 महिन्यांपर्यंत मैदानात उतरणं जितकं लांबवलं तितका पुन्हा इजेचा धोका कमी, प्रत्येक महिन्यामागे जवळपास निम्मा. शिवाय मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के तरी हवी. आमच्याकडे मात्र स्पर्धा आली की पाचव्या महिन्यात नी-कॅप चढवून उतरवतात, फार वाईट वाटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तालुका क्रीडा संकुलांत आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा, गरीब पोरांना जळगाव-नाशिकच्या चकरा परवडत नाहीत.

– एक कबड्डी कोच, अमळनेर