कार्डावर ‘ओ’ लिहिलंय? एकदा पुन्हा तपासून घ्या

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे ओ गटाशीसुद्धा जुळेना. 1952 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते जगापुढे मांडलं. शहराचं नाव बदललं, तरी त्या रक्तगटाला आजही ‘बॉम्बे’च म्हणतात. मुंबईत साधारण 10,000 माणसांत एकाचा हा गट असतो. त्यांना शोधण्यासाठी परळ-लालबागच्या रहिवाशांच्या आमच्या मंडळाचं हे आवाहन.

ओ रक्तातल्या पेशींवर ‘एच’ नावाचं प्रतिजन, म्हणजे पेशीवरची एक ओळखखूण, असतं. बॉम्बे गटात तेच नसतं, उलट रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, असतात. म्हणून ‘ओ कुणालाही चालतं’ हे इथे चालत नाही. अशा रुग्णाला ओची पिशवी लावली, तर पेशी शिरेतच फुटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

घोळ होतो तो तपासणीत. काचपट्टीवरच्या रक्तात अँटी-ए आणि अँटी-बी या गट ओळखणाऱ्या द्रावणांचा थेंब टाकला, गुठळी झाली नाही, की कार्डावर ‘ओ’ पडतं. बॉम्बे गटाचं रक्तही तिथे अगदी तसंच दिसतं. तो पकडायचा तर उलट तपासणी हवी: तुमच्या सीरममध्ये (पेशी काढलेल्या रक्ताच्या द्रवात) ए, बी आणि ओ, तिन्ही पेशी घालून बघायच्या. ओच्याही गुठळ्या झाल्या की शंका घ्यायची आणि अँटी-एच लेक्टिनने (एच ओळखणाऱ्या द्रव्याने) खात्री करायची. म्हणून ओ गटवाल्यांनी रक्तपेढीत सरळ विचारावं, “सीरम ग्रुपिंगला ओ सेल लावल्या होत्या का?”

बॉम्बे गट निघाला, तर आधी सख्ख्या भावंडांना तपासा. आईवडील बहुधा नेहमीच्या गटाचे असतात, पण दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक भावंडात चारात एक शक्यता. मामेबहीण-आतेभावाची लग्नं होत आलेल्या घरांनी तर नक्कीच बघावं.

बॉम्बे गटाच्या दात्यांनी शिबिरात रक्त देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती. पिशवी ओच्या कप्प्यात जाते आणि 35 ते 42 दिवसांत बाद होते. नाव नोंदवा, बोलावणं आलं की या. वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 हवं, दोन दानांत पुरुषांनी 90, स्त्रियांनी 120 दिवस ठेवावेत. या गटाच्या गरोदर बाईंनी आणि ऑपरेशन ठरलेल्यांनी महिनाभर आधी कळवावं, दाते जमवायला वेळ लागतो.

नोंदणी मंडळाच्या कार्यालयात, विनामूल्य. घरातल्या आणखी एकाचा फोन नंबरही द्या, आणि नंबर बदलला तर त्याच आठवड्यात कळवा.