आकडा आधी, मशीन मग

म्युनिक, १५ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर कॉफी मशीनचं बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "घ्यायचंच ठरलंय ना, मग घेऊन टाक, रोज भाव काय बघत बसतेस?" आणि आई, तू मागून म्हणालीस, "चाळीस हजारांचं कॉफीचं भांडं!" तुमचे दोन प्रश्न दोन दिशांचे. फोनवर एकाला उत्तर द्यायला गेलं की दुसऱ्याला राग येतो, म्हणून लिहूनच काढते.

आई, आधी तुझं. माझ्याकडे गॅसवर ठेवायचं ते इटालियन भांडं आहे, मोका पॉट. त्यात वाफेच्या जोरावर पाणी वर चढतं, पण तो जोर एक-दीड बारचा (बार म्हणजे दाब मोजायचं माप). आपल्या कुकरच्या शिट्टीएवढाच म्हण. एस्प्रेसोला, म्हणजे त्या दाट, घोटभर कॉफीला, लागतात नऊ बार. साधारण ९३ अंशांचं पाणी, १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, आणि पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅम काढा खाली. जोर कमी पडला तर कॉफी कडू पाणी होते, ती वरची बदामी साय येत नाही. १९०१ साली मिलानच्या बेझेरानं एस्प्रेसो मशीनचं पेटंट घेतलं, तेही वाफेवरचंच होतं. साय आली ती गॅजिया नावाच्या इटालियन माणसानं दांडा ओढून दाब द्यायची युक्ती काढली तेव्हा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर. आता दांड्याच्या जागी पंप असतो. दुकानात स्वस्त मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१५ बार" लिहिलेलं असतं. तो पंपाचा कमाल जोर, कॉफीला त्याचा काही उपयोग नाही. उलट दाब नऊवर रोखायची सोय आत आहे का, हे बघायचं असतं.

मी ठरवलेलं मशीन त्याच गॅजिया कंपनीचं आहे, क्लासिक नावाचं. १९९१ पासून त्याचा सांगाडा जवळजवळ तोच आहे. दिसायला अगदी साधं, तीन बटणं आणि एक नळी. पण झाकण स्क्रूनं उघडतं, रबराच्या रिंगा सुट्ट्या मिळतात, आणि कॉफी भरायचा दांडा हॉटेलातल्या मशीनच्या मापाचा आहे, ५८ मिलिमीटर. बाबा, तुम्ही आपला मिक्सर किती वर्षं चालवलात आठवतं ना, कार्बन ब्रश बदलून बदलून! तसं चालवता येईल असं हेच. दुसरं एक मनात होतं, सेज कंपनीचं बांबिनो (इतर देशांत ते ब्रेव्हिल नावानं मिळतं). ते तीन सेकंदांत तापतं, गॅजियाला चांगली पंधरा मिनिटं द्यावी लागतात. सकाळी घाईत असणाऱ्याला बांबिनो बरं. मला सकाळी तसंही पंधरा मिनिटं जाग यायला लागतात.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. मशीनइतकीच, खरं तर मशीनपेक्षाही, दळणयंत्र महत्त्वाचं. एस्प्रेसोला दळण अगदी एकसारखं आणि बारीक लागतं, आणि नखभर फरकानं पंचवीस सेकंदांचे पंधरा होतात. विजेवरचं चांगलं दळणयंत्र मशीनच्याच किमतीत जातं. मी हातानं फिरवायचं घेणार आहे, दीडशे युरोंच्या आसपास. त्यावर घसघशीत सूट क्वचितच असते, म्हणून ते आधीच घेऊन ठेवीन. मोका पॉटलाही चालतं. म्हणजे आई, तुझा चाळीस हजारांचा आकडा खरं तर कमीच आहे. दळणयंत्र, वजनकाटा, दाबायचा ठोकळा, दूध फेसाळायचं भांडं धरून साठ हजारांपर्यंत जाईल. लपवून काय उपयोग, मे महिन्यात आलीस की तूच विचारशील.

"बाहेर पिण्यापेक्षा स्वस्त पडेल" असं मी म्हणणार नाही. लोक हाच हिशेब मांडतात आणि तो कागदावर फार सुंदर दिसतो. इथे कॅफेत कापुचिनो साडेतीन-चार युरोंना. घरी एक किलो चांगल्या बिया तीस युरोंना धर, त्यात पंचावन्नच्या आसपास कप होतात, दूध धरून कप पाऊण युरोला पडतो. कपामागे तीन युरो वाचले, सहाशेचा खर्च दोनशे कपांत वसूल. छान! पण मी बाहेर पितेच किती? शनिवारी एखादी, आणि मैत्रिणीबरोबर असले तर आणखी एखादी. महिन्याला पंधरा युरो वाचतील फार तर. वसूल व्हायला तीन वर्षांहून जास्त जातील, आणि तोवर घरी आहे म्हणून जास्त कॉफी पिईन ती वेगळीच. हा शौक आहे, बचत नाही.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. महिन्याला पंधराच युरो वाचणार असतील, तर दोन-अडीच महिने थांबल्यानं माझे तीस-चाळीस युरो बुडतात. थांबून साठ-सत्तर स्वस्त मिळणार असेल तर थांबण्यात अर्थ आहे. माझ्या ऑफिसात एक जण रोज कॅफेतून कप घेऊन येतो. घरी केली तर त्याचे महिन्याला साठ युरो वाचतील. त्यानं नोव्हेंबरच्या सेलची वाट बघणं म्हणजे सत्तर वाचवायला दीडशे घालवणं. त्याला मी सांगितलं, आजच घे, पूर्ण भावानं घे. तो थांबलाय. इथल्या लोकांना "सेल" हा शब्द दिसला की गणित सुचत नाही, तसं आपल्याकडेही.

आणि तुम्ही तरी दुसरं काय करताय? २२ तारखेला जीएसटी २८ चा १८ होणार म्हणून एसी थांबवून ठेवलाय. सप्टेंबरात सोलापुरात एसीवाचून अडत नाही, म्हणून तो निर्णय बरोबर. हाच एप्रिलमध्ये असता तर आईला तीन हजारांसाठी महिनाभर उकाड्यात ठेवलं असतंत का? तीन हजारच म्हणते, कारण दहा टक्के सूट मिळेल असं समजू नका. चाळीस हजारांच्या एसीची मूळ किंमत ३१,२५०, त्यावर १८ टक्के लावले की ३६,८७५. म्हणजे पावणेआठ टक्के. दुकानदार "दहा टक्के कमी करून देतो" म्हणाला तर आनंद, पण त्याहून कमी दिलं तरी तो फसवतोय असं नाही.

इथेही अगदी हीच गंमत चालते. इथला कर १९ टक्के. मोठी दुकानं अधूनमधून जाहिरात करतात, "कर आमच्याकडून भेट!" लोक १९ टक्के सूट धरून जातात. ४५० च्या मशीनवर ८५ वाचतील असं वाटतं, पण कर आतच धरलेला असल्यामुळे ४५० चे ३७८ होतात, म्हणजे सोळा टक्क्यांनाही किंचित कमी. अर्थात सोळा टक्केही वाईट नाहीत. माझ्या यादीत ही जाहिरात ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या मोठ्या सेलच्या, बरोबरीनं आहे, फक्त तिची तारीख आधी कळत नाही.

भाव कसा बघते ते सांगते, कारण तुम्हाला ते आवडेल. इडेआलो नावाची एक साइट आहे, तिथे एकाच वस्तूचा बऱ्याच दुकानांतला भाव आणि मागच्या वर्षभराचा आलेख दिसतो. माझ्या मशीनची छापील किंमत पाचशेच्या आसपास. पण त्या भावानं ते कोणी घेत नाही. वर्षातला बराच काळ ते साडेचारशेच्या घरात असतं आणि थोडे दिवस चारशेच्या जवळ उतरतं. म्हणजे "पाचशेचं साडेचारशेला, दहा टक्के सूट" ही पाटी खोटी नाही, पण तो रोजचाच भाव आहे. आलेख पाहिला नसता तर मला ते कळलं नसतं.

या पाट्यांवर आता कायदाही आहे. २८ मे २०२२ पासून युरोपात नियम आला की सूट जाहीर करायची तर मागच्या तीस दिवसांतला सगळ्यात कमी भावही लिहायचा. मग दुकानांनी तो भाव बारीक अक्षरांत लिहिला आणि टक्के मात्र वरच्याच किमतीवरून काढले. एका सुपरमार्केट साखळीच्या केळी आणि अननसांच्या जाहिरातीवरून प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल लागला, की टक्केही त्या तीस दिवसांतल्या किमान भावावरूनच मोजायचे. केळ्यांवरून एवढं! बाबा, तुम्हाला मंडईत असा एक निकाल हाताशी हवा होता. तरी पळवाट उरतेच. कंपनीची "सुचवलेली किंमत" शेजारी छापली की ती सूट ठरत नाही, नुसती तुलना ठरते. म्हणून पाटी वाचायची नाही, आलेख वाचायचा.

यंदा ब्लॅक फ्रायडे २८ नोव्हेंबरला आहे. पण मी तारखेला बांधून घेतलेलं नाही. मी आकडा ठरवलाय, ४१० युरो. इडेआलोवर तो भरून ठेवलाय, कुठेही त्याच्या खाली आला की मेल येतो. ऑक्टोबरात आला तर ऑक्टोबरात घेईन. नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत नाहीच आला तर तेव्हाचा जो सगळ्यात कमी असेल त्याला घेईन, जानेवारीकडे ढकलणार नाही. जानेवारीत नाताळच्या भेटींतला परत आलेला माल स्वस्तात निघतो हे खरं. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न सांगता परत करता येते, त्यामुळे असा माल भरपूर. पण मग नेमका माझा स्टीलचा रंग मिळेलच असं नाही, आणि मे महिन्यापर्यंत माझा हात बसायला हवा. तुम्ही आल्यावर पहिले दोन महिने आंबट काढा पाजायचा नाहीये मला.

जुनं का घेत नाहीस, हे तुम्ही विचारणारच. हे मशीन वापरलेलं अर्ध्या किमतीत मिळतं, आणि टिकाऊ असल्यामुळे पुढे विकतानाही बऱ्यापैकी पैसे येतात. दुसऱ्या कुठल्या गावात असते तर घेतलंही असतं. पण म्युनिकचं पाणी आपल्या बोअरच्या पाण्यासारखं, क्षारांनी भरलेलं. गिझरच्या कॉइलवर जसं पांढरं पुट चढायचं तसं इथे बॉयलरच्या आत चढतं, आणि बाहेरून मशीन लख्ख दिसतं. आधीच्या मालकानं ते कधी साफ केलं की नाही, उघडल्याशिवाय कळत नाही. नव्यावर विक्रेत्याची दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, शिवाय पहिल्या वर्षात बिघाड निघाला तर तो आधीपासून नव्हता हे दुकानदारानं सिद्ध करायचं, मी नाही. त्यासाठी थोडे जास्त मोजायला माझी तयारी आहे. पाण्यासाठी गाळणीचा जग घेतलाच आहे.

बियांचं मात्र थांबून काही होणार नाही. ब्राझीलमधल्या दुष्काळानं यंदा फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली होती, इतका भाव आधी कधीच नव्हता. त्यात जर्मनीत कॉफीवर वेगळा कर, किलोला २.१९ युरो. जुनी खोड आहे ही. अठराव्या शतकात प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं घरोघरी कॉफी भाजायला बंदी केली आणि निवृत्त सैनिक नेमले, रस्त्यानं हिंडून भाजल्याचा वास कुठून येतोय ते हुंगायला! आई, तुझ्या फोडणीचा वास बघता तू पहिल्याच दिवशी पकडली गेली असतीस. आणि हो, आपल्या कर्नाटक-केरळची कॉफी सगळ्यात जास्त इटलीलाच जाते. तिथल्या मिश्रणांत जाड सायीसाठी आपला रोबस्टा (कॉफीची एक जात) घालतात. म्हणजे इथे इटालियन म्हणून विकत घेतलेल्या पाकिटात थोडं चिकमगळूर असूही शकतं.

बाबा, तुमच्या ॲसिडिटीचं आणि बीपीचं मी विसरलेले नाही. एका छोट्या, म्हणजे वर सांगितलेल्या मापाच्या निम्म्या एस्प्रेसोत ६०-६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, मोठ्या मगभर फिल्टर कॉफीपेक्षा कमीच. तरी येण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर कॅफिन काढलेल्या बिया मी आणून ठेवीन. आईला दुधाचीच लागणार, तीही साखर घालून. ते मला मान्य आहे, कोणी नाक मुरडलं तर बघून घेईन.

तर माझं असं चाललंय. ४१० ठेवू की ताणून ३९९ वर नेऊ, हे तुम्ही सांगा बाबा. घासाघीस तुमच्याकडूनच शिकले. आणि एसीचं कोटेशन आलं असेल तर फोटो पाठवा. बसवण्याचा खर्च, स्टॅबिलायझर आणि जास्तीच्या तांब्याच्या नळीचे पैसे त्यांनी वेगळे लावलेत का, ते मला बघायचंय. जुन्या एसीचे काय देतायत तेही विचारून ठेवा.

तुमची,
मनू